आचार्यांचे यकृत आणि माझी प्रतिज्ञाहानी

जे आपल्याला स्वतःला पटलेले नाही, ते दुसऱ्याच्या हितासाठी त्याला पटवून द्यावे की देऊ नये, हा प्रश्न न्यायशास्त्राचा नव्हे, आचाराचा आहे. मी तीस वर्षे न्याय शिकवला. सत्य शोधण्यासाठी केला जातो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी केला जातो तो जल्प आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याला नुसते पाडण्यासाठी केली जाते ती वितंडा, हे तीन भेद विद्यार्थ्यांकडून घोकून घेतले. पण मित्राचा जीव वाचावा म्हणून जाणूनबुजून खोटी बाजू घेऊन जो वाद करावा, त्याला काय म्हणायचे, हे सूत्रकारांनी कोठे लिहून ठेवलेले नाही. तसा एक वाद मी केला. त्याला यंदा अकरा वर्षे पूर्ण झाली. त्यात मी हरलो, हे सोलापुरात सर्वांना ठाऊक आहे. कसा हरलो, ते मला स्वतःलाच फार उशिरा कळले.

चैत्र संपत आला होता. सकाळी आठलाच ऊन अंगणात ठाण मांडून बसले होते. पूजा आटोपून मी ओसरीवर येतो, तो पद्मजा दारात उभी. पद्मजा म्हणजे वेंकटाचार्य गलगली यांची एकुलती एक मुलगी. शाळेत विज्ञान शिकवते. चप्पल काढता काढताच ती म्हणाली, "काका, एक काम आहे. तुम्हाला खोटं बोलावं लागेल."

स्वयंपाकघरातून आमच्या उमाबाईंचा आवाज आला, "मग झालंच तुझं काम! परवा भाजीवालीला 'घरात भाजी आहे' म्हणून सांगा म्हटलं, तर ह्यांनी तिला आत बोलावून रिकामी टोपली दाखवली."

"तिनं विचारलं होतं," मी म्हणालो.

"विचारलं नव्हतं हो. ती पुढं निघाली होती!"

पद्मजा हसली, आणि हसता हसताच डोळे पुसू लागली. तेव्हा उमाबाई हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आल्या. हकीकत अशी होती. मार्गशीर्षात आचार्यांच्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ काढली होती. जखम भरली, आचार्य पुन्हा पाठ सांगू लागले, आणि परवाच्या तपासणीत यकृतावर तीन डाग दिसले. आतड्यातला आजारच तिथे जाऊन पोहोचला होता.

"डॉक्टर म्हणतात, मार्ग आहेत," पद्मजा म्हणाली. "अप्पा म्हणतात, नाहीत. ऑपरेशन नको, सलाईन नको, एकदा कापून घेतलं तेवढं पुरे. उद्या अकरा वाजता दाखवायला जायचंय. तुम्ही बरोबर चला."

"चलतो की. मी त्यांना नीट समजावून सांगतो."

"नको!" ती जवळजवळ ओरडलीच. "काका, तुम्ही 'करा' म्हणालात की संपलं. मग कुणीही येऊ दे, अप्पा करणार नाहीत. तुम्ही 'करू नका' म्हणा."

पळी उमाबाईंच्या हातातून खाली पडली, इतक्या त्या हसल्या. पण पोरीचे म्हणणे खोटे नव्हते. आचार्य द्वैती, म्हणजे जीव आणि ब्रह्म निराळे मानणारे; मी अद्वैती, दोन्ही एकच मानणारा. ते माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. चाळीस वर्षे दर मंगळवारी मारुतीच्या देवळाच्या मंडपात आमचा वाद चालत आला होता, आणि तो जीव आणि ब्रह्म यांच्यापाशी थांबत नसे. मी पाऊस येणार म्हटले की आचार्य घरी जाऊन पापड वाळत घालायला सांगत. ऐकू कमी येते, यंत्र घ्या, असे मी सुचवले. तर कान शाबूत आहेत हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी शेजारच्या घरात चाललेले नवरा-बायकोचे भांडण मला शब्दशः म्हणून दाखवले, स्वरांसकट.

आमच्या वादाचे दोन नियम होते. ज्याला उत्तर सुचणार नाही तो पडला. आणि जो पडला त्याने दुसऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे वागायचे. अशा तऱ्हेने मी एकदा सहा महिने चहा सोडला होता आणि त्यांनी एक चातुर्मास वांगे खाल्ले होते. मात्र आपणच मांडलेली बाजू आपणच टाकून देणे, ज्याला शास्त्रात प्रतिज्ञाहानी म्हणतात, ते आमच्यापैकी कोणाच्याही हातून कधी घडले नव्हते. उत्तर न सुचणे म्हणजे पडणे. प्रतिज्ञाहानी म्हणजे पळून जाणे. पडण्याची आम्हाला लाज नव्हती. पळण्याची होती.

"हे बघ पद्मजा," मी म्हणालो, "खोटी बाजू घेऊन मी उभा राहिलो, तर तो जल्प होईल."

"होऊ दे की," उमाबाई म्हणाल्या. "जन्मभर ब्रह्म सत्य जग मिथ्या म्हणालात. एक दिवस त्या मिथ्या जगातल्या माणसासाठी बोललात तर ब्रह्माला काही व्हायचं नाही."

मी कबूल झालो.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉ. रेहाना मुजावर यांच्या खोलीत आम्ही तिघे बसलो. बाई ठेंगण्या, चपळ, बोलणे तोलून मापून. त्यांनी एका कागदावर यकृताचे चित्र काढले आणि त्यात तीन टिंबे दिली.

"आचार्य, दोन डाग उजवीकडं, एक डावीकडं अगदी काठाला. आता मार्ग सांगते. पहिला, फक्त औषधं, पंधरवड्यातनं एकदा सलाईनमधून. त्यानं आजार दबून राहतो काही काळ; जाईल असं मी म्हणणार नाही. दुसरा मार्ग लांबचा. आधी चार वेळा औषध, मग परत स्कॅन. डाग आटले तर उजवा भाग कापून काढायचा, आणि डावीकडचा बारका डाग कापायचा नाहीतर सुई घालून जाळायचा."

"उजवा भाग म्हणजे केवढा?"

"निम्म्याहून जास्त."

"मग उरलेल्यात भागतं?"

"नाही भागत. म्हणून आधी उजव्या बाजूला जाणारी रक्ताची एक नळी बंद करायची. मग महिन्याभरात डावी बाजू आपोआप वाढायला लागते. लिव्हर परत वाढतं, आचार्य. पोटात तेवढा एकच अवयव एवढा गुणी आहे."

आचार्यांच्या भुवया वर गेल्या. त्या तशा गेल्या की समोरच्याने सावध व्हावे.

"आणि तिसरा मार्ग?"

"तिसरा म्हणजे आजाराच्या मागं न लागणं. दुखणं, त्रास तेवढा कमी ठेवायचा. तोही मार्गच आहे. तो घेणाऱ्याला मी भित्रा म्हणत नाही."

"खात्री कशाची?"

"कशाचीच नाही. सगळे डाग काढता आले अशा दहा जणांत चारेक जण पाच वर्षांनंतरही हिंडते-फिरते असतात. पुष्कळांना परत उगवतं, मग परत बघावं लागतं. ऑपरेशन मोठं आहे. त्याचाही धोका आहेच."

बाईंनी काहीही लपवले नाही की रंगवले नाही, याचे मला मनातून कौतुक वाटले. आचार्य कागदाकडे एकटक पाहत होते. मला वाटले, आता ते भीतीविषयी किंवा वेदनेविषयी काही विचारतील.

ते म्हणाले, "हे जे नवं वाढेल ते यकृत जुनंच, की दुसरं?"

डॉक्टरीणबाईंची पेन्सिल थांबली. "दुसरं कसं असेल? तुमचंच की."

"माझं असेल हो. माझी पगडीही माझीच आहे. पण जे कापलं ते गेलं, आणि जे वाढलं ते आधी नव्हतं. जे आधी नव्हतं ते निराळं. भेद सिद्ध!"

आता येथे मी गप्प बसायला हवे होते. पण चाळीस वर्षांची खोड ती. "सिद्ध कसला? उपाधी बदलली, वरचं रूप बदललं, यकृत तेच! नख कापलं म्हणून बोट निराळं होत नाही."

"नखाचं उदाहरण विषम आहे!"

"अप्पा..." पद्मजा म्हणाली.

"थांब ग. हा नेहमी नखावर येतो."

"आचार्य," डॉ. मुजावर शांतपणे म्हणाल्या, "बाहेर तेवीस पेशंट आहेत. हे बाहेरच्या बाकावर ठरवा. उद्या दुपारी दोनला आमची बैठक असते, ट्यूमर बोर्ड म्हणतात. ऑपरेशनवाले, औषधवाले, स्कॅनवाले असे चौघे बसून एकेका पेशंटवर वाद घालतो. तुमचा विषय पहिलाच आहे. त्याआधी तुमचं मन काय ते कळू दे."

"वाद?" आचार्य उठता उठता पुन्हा बसले. "मध्यस्थ कोण?"

"मध्यस्थ नाही. चौघांचं एकमत होईपर्यंत भांडतो."

"पूर्वपक्ष लिहून मांडता, की तोंडी?"

"आचार्य, तेवीस पेशंट."

"माझ्या यकृतावर वाद आणि मीच गैरहजर? हे शास्त्राला धरून नाही. मी येणार."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "आत नाही घेता येणार. दाराबाहेर बसा. बैठक झाली की मी स्वतः येऊन सांगते, आणि काय विचारायचं ते विचारा."

बाहेरच्या बाकावर यकृताचा वाद पुन्हा पेटला. पायाला पट्टी बांधलेले बार्शीचे एक एसटी कंडक्टर प्रथम नुसते ऐकत होते, मग सरकत सरकत आमच्यामध्ये येऊन बसले. "माझ्या गाडीचं इंजिन बदललं, चाकं बदलली, बॉडी बदलली," ते म्हणाले, "पण डेपोत नंबर तोच. मी यांच्या बाजूनं." त्यांनी माझ्याकडे बोट केले. तेव्हा अक्कलकोटच्या एक बाई पदर सावरून म्हणाल्या, "असं कसं? माझ्या थोरल्या जावेनं केस तिरुपतीला दिले. परत आले ते कुरळे आले! निराळेच की ते." आचार्यांनी त्या बाईंना भर दवाखान्यात हात जोडून नमस्कार केला. नर्सबाई दोनदा येऊन 'हळू बोला' म्हणून गेल्या आणि तिसऱ्यांदा येऊन कोण जिंकले ते विचारून गेल्या.

त्या हास्यकल्लोळातच आचार्य माझ्याकडे वळून म्हणाले, "गंमत आहे खरी यकृताची. पण करायचं काही नाही. तुझं काय मत?"

मी समोर पाहिले. खांबाआड उभी असलेली पद्मजा माझ्याकडे डोळे लावून होती.

"माझंही तेच," मी म्हणालो. "उपचार करू नयेत. ही माझी प्रतिज्ञा समजा."

आचार्यांनी माझ्याकडे पाहिले. चांगले सावकाश पाहिले, नाकावरचा चष्मा खाली ओढून. मग त्यांच्या मिशा थरथरल्या.

"असं? मग करावेत, ही माझी. उद्या दुपारी दोनला, त्यांची सभा आत आणि आपली बाहेर."

खांबाआड पद्मजाने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले होते. घरी पोहोचेपर्यंत तिला हसू आवरले नाही, आणि मलाही. रिक्षावाल्याने मागे वळून विचारले, "आजोबा, मुलगा झाला का कुणाला?"

गुरुवारी पावणेदोनला आम्ही तिसऱ्या मजल्यावर हजर. बंद दाराच्या आत चार डॉक्टर, बाहेर बाकावर आम्ही दोघे आणि मध्ये पाण्याची बाटली घेऊन पद्मजा. आतून आवाज येऊ लागले तसे आचार्य खूष झाले. "ऐक, ऐक! कुणीतरी आक्षेप घेतला. जोरात घेतला. चांगले लोक आहेत."

मी पहिला मुद्दा मांडला. वय एकोणसत्तर, एवढ्या मोठ्या छेदाला शरीर टिकणार नाही.

"डॉक्टरीणबाई वयाकडं बघत नाहीत, हृदय आणि फुप्फुस बघतात. कालच पद्मजेनं विचारलंय. दोन्ही ठीक आहेत. पडला तुझा मुद्दा."

दुसरा मुद्दा आचाराचा. दवाखान्यात परान्न खावे लागेल, एकादशीचा निर्जळ उपवास मोडेल, सोवळे राहणार नाही.

"आजाऱ्याला सूट आहे. वचन म्हणून दाखवू?"

"नको."

"मुद्दाम कच्चे मुद्दे आणतोस काय रे?" आचार्य म्हणाले. "चाळीस वर्षांत इतका कच्चा कधी बोलला नाहीस. मला पोर समजतोस?"

हे मला झोंबले. शिवाय सोंग उघडे पडेल ही भीती होतीच. आणि येथे माझ्या हातून ती चूक झाली, जी जन्मभर शास्त्रार्थ केलेल्या माणसाच्याच हातून होऊ शकते. जिंकायचे नाही हे ठाऊक असूनही मला कच्चे बोलवेना. माझी बुद्धी माझ्या इच्छेचे ऐकेना. मी तिसरा मुद्दा मांडला, आणि तो पक्का मांडला.

"आचार्य, साधन जपायचं ते साध्यासाठी. शरीर हे साधन. आता साध्य काय उरलं ते सांगा. वहिनींना जाऊन नऊ वर्षं झाली. पद्मजा स्वतःच्या पायावर उभी आहे. तुमच्यावाचून तिचं अडणार नाही, उलट तुमच्या आजारपणात तिची रजा आणि तिची उमेद संपेल. तुमच्या पाठशाळेत दोन विद्यार्थी उरले, त्यांचा ग्रंथ कार्तिकात पुरा होतो. पुढं कुणी येणार नाही, हे तुम्हीच म्हणता. लिहायचं ते लिहून झालं. मग वर्षभर सुया, कापाकापी, अशक्तपणा हे सारं ज्याच्यासाठी सोसायचं, ते साध्य दाखवा. नसेल, तर साधनाचा एवढा सांभाळ व्यर्थ आहे."

बोलून झाले आणि मला स्वतःलाच समाधान वाटले, इतके ते नेमके उतरले होते. उतरले आहे असे वाटताच मी घाईने पद्मजाकडे पाहिले.

आचार्य उपरण्याचे टोक बोटाभोवती गुंडाळत आणि सोडत राहिले. आत कोणीतरी हसले. पद्मजाच्या हातातली बाटली कलंडून पाणी तिच्या साडीवर सांडत होते आणि तिला त्याचे भान नव्हते.

"उत्तर नाही," आचार्य म्हणाले. "शोधलं. नाही. मी पडलो, नीळकंठ. आपल्या नियमाप्रमाणे तुझं म्हणणं राहिलं. चल पद्मजा, घरी जाऊ."

आणि ते उठले.

ते खरोखर उठले. जिन्याकडे दोन पावले गेलेसुद्धा. मी त्यांचे उपरणे धरले.

"थांबा! तिसऱ्या मुद्द्यात दोष आहे."

"कुठला?"

"दोष... हेतू असिद्ध आहे. आता म्हणजे... दोन विद्यार्थी हे काही थोडे नव्हेत!"

"तूच थोडे म्हणालास."

"पद्मजेचं अडेल!"

"अडणार नाही म्हणालास."

"मी काहीही म्हणेन!" माझा आवाज चिरकला. "माझं काय ऐकता? चाळीस वर्षांत कधी ऐकलंत? आजच बरं सुचलं ऐकायचं! आचार्य, तुम्ही गेलात तर मंगळवारी मी त्या मंडपात कुणाशी बोलू? खांबाशी? माझं म्हणणं खोडायला या शहरात दुसरं कोण आहे? मला सगळे 'वा शास्त्रीबुवा' म्हणतात हो! तुमच्याशिवाय मला मूर्ख म्हणणारं कुणी उरणार नाही. मला नाही सोसायचं ते. ते उपचार करा. कापा, जाळा, काय हवं ते करा. माझी प्रतिज्ञा गेली खड्ड्यात!"

आणि मी, सहासष्ट वर्षांचा नैयायिक, त्यांच्या उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडू लागलो.

दार उघडले होते. डॉ. मुजावर आणि त्यांच्यामागे इतर तिघे डॉक्टर ओळीने उभे राहून पाहत होते.

आचार्यांनी काही क्षण माझ्या डोक्याकडे पाहिले असावे. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जो आवाज त्यांनी लावला तो पार खालच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेला म्हणतात.

"प्रतिज्ञाहानी! पद्मजे, ऐकलंस? डॉक्टर, तुम्ही चौघे साक्षी आहात! नीळकंठशास्त्र्यानं स्वतःची बाजू स्वतःच्या तोंडानं टाकली! चाळीस वर्षं वाट पाहिली याची!"

"म्हणजे काय झालं?" औषधवाल्या डॉक्टरांनी घाबरून विचारले.

"म्हणजे हा हरला. हा हरला की माझं म्हणणं राहिलं. आणि माझं म्हणणं काय? उपचार करावेत!" ते डॉ. मुजावर यांच्याकडे वळले. "तुमच्या सभेत काय ठरलं?"

"आधी चार वेळा औषध, मग नळी बंद, मग ऑपरेशन," बाई म्हणाल्या. "हे स्कॅनवाले आधी थेट ऑपरेशन म्हणत होते, त्यांना पटवायला पाऊण तास लागला."

"रडले का?"

"नाही."

"मग तुमचा वाद आमच्यापेक्षा कमी प्रतीचा," आचार्य म्हणाले, आणि मग आम्ही सगळेच हसत सुटलो. मी रडता रडता, पद्मजा भिजल्या साडीने, चार डॉक्टर दारात दाटीवाटीने आणि मजल्यावरचा शिपाई, ज्याला काहीच कळले नव्हते, तो सर्वांत मोठ्याने.

पुढचे सहा महिने सोपे नव्हते. त्या औषधाने बोटांना थंड वस्तूचा स्पर्श सोसत नाही. जन्मभर पहाटे गार पाण्याने स्नान करून ओलेत्याने संध्या करणारे आचार्य कढत पाण्याच्या बादलीपुढे बसू लागले, आणि मी रोज जाऊन 'राजेसाहेबांचं अभ्यंग झालं का' म्हणून विचारू लागलो. शिव्या देण्याइतके त्राण ज्या दिवशी नसे त्या दिवशी ते नुसते बोट दाखवून मला बसायला सांगत. डाग आटले. नळी बंद केल्यावर डावी बाजू वाढली. आणि श्रावणात आठ तास ऑपरेशन चालले. शुद्धीवर येऊन त्यांचे पहिले शब्द, पद्मजा सांगते, "निराळंच आहे. जाणवतंय मला," असे होते. दुसऱ्या वर्षी आणखी एक डाग उगवला. तो सुईने जाळला. त्यानंतर आजवर उगवलेला नाही.

ही हकीकत मी पुष्कळ वर्षे सभा-समारंभांत सांगत असे. आचार्यांनी मला कसे खेळवले, हरल्याचे सोंग करून माझ्याकडून प्रतिज्ञाहानी कशी काढून घेतली, आणि आयुष्य व विजय दोन्ही एका हिसक्यात कसे पदरात पाडून घेतले. लोक पोट धरून हसत. आचार्य समोर असले तर मिशीतल्या मिशीत हसत आणि काही बोलत नसत.

चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी दुपारी मंडपात आम्ही दोघेच होतो. मी कोणाला तरी आदल्या दिवशी ती हकीकत सांगितल्याचे त्यांना सांगत होतो.

"नीळकंठ," ते म्हणाले, "तो सापळा नव्हता रे."

"कुठला?"

"तू म्हणतोस तो. तुझं ढोंग मला पहिल्याच दिवशी बाकावर कळलं होतं. म्हटलं, गंमत करू, दोन घटका वाद करू आणि पद्मजेसाठी हो म्हणू. इथवर मी तुला खेळवत होतो, खरं आहे. पण तो तिसरा मुद्दा. त्याला मी उत्तर शोधायला गेलो आणि मला सापडलं नाही. मी खरोखर पडलो होतो. खरोखर घरी निघालो होतो."

माझ्या हातातले तपकिरीचे डबडे तसेच राहिले. जिन्याकडे गेलेली ती दोन पावले मला दिसली. सात वर्षे मी ती विनोद म्हणून सांगत होतो.

"म्हणजे माझ्या बुद्धीनं मी तुम्हाला..."

"हो. जवळजवळ."

"मग तो आरडाओरडा? साक्षी? प्रतिज्ञाहानी?"

"मग काय करणार होतो? तू माझ्या उपरण्यात रडत होतास. चार परके डॉक्टर बघत होते. मी पण रडलो असतो तर त्या सभेची अब्रू राहिली असती का?" त्यांनी उपरणे खांद्यावर सारखे केले. "आणि तुझ्या मुद्द्याचं उत्तर तेव्हाच मिळालं होतं. साध्य दाखव म्हणालास. ते माझ्या बाजूला मी धुंडत होतो. ते तुझ्या बाजूला होतं, मला काय ठाऊक?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. नियमाप्रमाणे मी पडलो होतो, आणि पडल्याचा इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

"आता मात्र कबूल कर," आचार्य म्हणाले, "यकृत निराळंच आहे."

"तेच आहे," मी म्हणालो.

खोटी बाजू घ्यावी की घेऊ नये, याचा निर्णय माझ्याने आजही होत नाही. ज्या लेकीने बापासाठी मला खोटे बोलायला लावले, तिचे अंगण भरलेले राहो. रेहानाबाईंच्या हाताला असेच यश येत राहो, आणि बंद दारांआड अनोळखी माणसांच्या जिवासाठी जे भांडतात त्या सर्वांचे कल्याण होवो. आज ज्या कोणाच्या यकृतावरचे डाग कागदावर टिंबांनी दाखवले जात असतील, त्याला उपाय मिळो. आणि तो मिळो न मिळो, त्याचे उपरणे धरणारे कोणीतरी जवळ असो. आणि वेंकटाचार्यांना, मला मूर्ख म्हणण्यासाठी, दीर्घ आयुष्य लाभो.